कॅमेऱ्यातला आरसा गेला, म्हणजे नेमकं काय झालं?

माझ्या पहिल्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर, ५० एमएमची एफ/१.८ लेन्स चढवली (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं) आणि पुढचा महिनाभर मी स्वतःच्या हातांना शिव्या घालत होतो. पोर्ट्रेट काढताना फोकसचा ठिपका बरोबर डोळ्यावर ठेवायचो, कॅमेरा 'पिप्' करून होकार द्यायचा, आणि कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला की डोळा किंचित धूसर, कानाजवळचे केस मात्र एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. हात हलत असेल म्हणून शटर स्पीड वाढवला. श्वास रोखून बटण दाबायला लागलो. शेवटी ट्रायपॉड आणला. तरी कानच शार्प.

एक दिवस वैतागून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे डोळा न लावता मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय, चालू केला आणि तोच फोटो काढला. पापणीन्‌पापणी दिसत होती. लेन्स तीच, बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) तीच, समोर बसलेला माणूसही तोच. बदललं होतं ते एवढंच, की लाइव्ह व्ह्यूमध्ये कॅमेऱ्यातला आरसा वर गेलेला असतो.

डीएसएलआर घ्यावा की मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, या वादात मेगापिक्सेल, वजन, बॅटरी, लेन्स, वेग असे वीस मुद्दे एकमेकांवर आदळत असतात. यातले बहुतेक मुद्दे शेवटी त्या आरशापाशीच येऊन थांबतात. तो समजला की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

आत काय चालतं

डीएसएलआरची लेन्स काढून आत डोकावलं की समोर ४५ अंशांत कललेला छोटा आरसा दिसतो. (त्याला बोट लावू नका. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा पुढे असतो. पुसायला गेलात तरी ओरखडा उठतो.) लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावरून वर जातो, तिथे एका दुधी पडद्यावर चित्र उमटतं आणि पेंटाप्रिझम नावाचा काचेचा ठोकळा ते डावं-उजवं सरळ करून तुमच्या डोळ्यापर्यंत पोचवतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं टेंगूळ म्हणजे या ठोकळ्याचं घर. स्वस्त बॉडीत ठोकळ्याऐवजी आरसेच जोडून काम भागवलेलं असतं, म्हणून तिथे व्ह्यूफाइंडरमधलं, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतलं दृश्य लहान आणि जरा अंधारं असतं.

आता यातली खुबी. हा मोठा आरसा मधोमध थोडासा पारदर्शक असतो. तिथून निसटलेला प्रकाश मागच्या एका चिमुकल्या आरशावर पडून खाली, बॉडीच्या तळाशी जातो. तिथे फोकस ओळखणारा वेगळा सेन्सर बसलेला असतो. म्हणजे लेन्समधून आलेल्या प्रकाशाला तीन मुक्काम आहेत: वर तुमचा डोळा, खाली फोकसचा सेन्सर, आणि मागे फोटो टिपणारा खरा सेन्सर. पहिले दोन चालू असताना तिसरा अंधारात असतो. बटण दाबलं की दोन्ही आरसे वर उडतात, शटर उघडून मिटतं, आरसे खाली येतात. त्या सुप्रसिद्ध 'खटॅक'मध्ये मोठा वाटा आरशाच्या आपटण्याचा आहे.

फिल्मच्या काळात हा द्राविडी प्राणायाम अटळ होता. फिल्म अंधारात ठेवायची आणि तरी लेन्सला जे दिसतं तेच डोळ्यालाही दिसायला हवं, तर प्रकाश मध्येच वळवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डिजिटल सेन्सर आला आणि ही अट संपली. सेन्सरला उजेडाची भीती नाही. तो सतत उघडा राहून जे पडतंय ते दाखवू शकतो. आरसा उरला तो वारशाने. सेन्सरवरचं चित्र भराभर वाचून डोळ्यासमोरच्या इवल्याशा पडद्यावर दाखवण्याचं तंत्र त्या लायकीचं व्हायला मात्र वेळ लागला.

२००८ मध्ये पॅनासॉनिकने जी१ आणला, तो लेन्स बदलता येणारा आणि ऑटोफोकस असलेला पहिला मिररलेस. २०१३ मध्ये सोनीने ए७ मालिकेत फुल फ्रेम, म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर बसवला. कॅनन आणि निकॉन २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले, आणि २०२० मध्ये त्यांनी वन-डीएक्स मार्क थ्री आणि डी६ हे सगळ्यात वरच्या श्रेणीचे डीएसएलआर आणले. त्यांच्या जागी नवा डीएसएलआर आलेला नाही. पेंटॅक्सने तेवढा आरशाचा हात सोडला नाही. त्यांचा के-३ मार्क थ्री २०२१ चा.

डोळ्याला काय दिसतं

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये समोरचं दृश्य दिसतं. मिररलेसमध्ये होऊ घातलेला फोटो दिसतो. हा फरक ऐकायला बारीक वाटतो, हातात कॅमेरा घेतल्यावर तो फार मोठा असतो.

खिडकीला पाठ करून कोणी बसलंय असं समजा. डीएसएलआरमधून बघाल तर चेहरा व्यवस्थित दिसेल, कारण बघतोय तुमचा डोळा आणि डोळा अशा उजेडाला सहज सांभाळून घेतो. क्लिक कराल तर खिडकी झकास आणि चेहरा काळा ठिक्कर. मग स्क्रीन बघायची, एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवायचं, पुन्हा क्लिक, पुन्हा स्क्रीन. अनुभवी माणूस हे सगळं अंदाजाने आधीच करतो, आणि तो अंदाज यायला वर्षं लागतात. मिररलेसमध्ये चेहरा क्लिक करायच्या आधीच काळा दिसतो. तुम्ही डायल फिरवता, डोळ्यासमोर चेहरा उजळत जातो, हवा तिथे थांबता. कोपऱ्यात हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात काळं-पांढरं किती ते दाखवणारा आलेख, ठेवता येतो, जिथे पांढरं जळतंय तिथे पट्टे दाखवता येतात, हाताने फोकस करणाऱ्यांसाठी स्पष्ट कडा रंगवून दाखवता येतात. 'शिकायचं असेल तर डीएसएलआरवर शिका' असं सांगणारी मंडळी अजून भेटतात. मला ते पटत नाही. चूक केल्याक्षणी दाखवणारा मास्तर नंतर दाखवणाऱ्यापेक्षा बरा.

पण याच गुणात एक सापळा आहे. स्टुडिओ फ्लॅश वापरताना आपण १/१६० सेकंद, एफ/८, आयएसओ (उजेडाला दाद देण्याचं प्रमाण) १०० असं काहीतरी लावतो. उजेड फ्लॅशचा येणार, खोलीतला दिवा हिशेबातच नसतो. मिररलेस प्रामाणिकपणे तोच हिशेब दाखवतो: व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी लेन्सचं झाकण काढायचं राहिलंय का ते दोनदा तपासलं. मेनूत जाऊन एक्स्पोजरचा पूर्वपरिणाम दाखवणं बंद केलं की प्रश्न मिटतो, पण हे आधी कोणी सांगत नाही.

सुखाची एक गोष्ट मात्र चष्मेवाल्यांनाच कळेल. भर उन्हात डीएसएलआरची मागची स्क्रीन नीट दिसत नाही, हाताचा आडोसा करून, चष्मा वर-खाली करून फोटो बघावा लागतो. मिररलेसमध्ये काढलेला फोटोही डोळ्याला लावलेल्या व्ह्यूफाइंडरमध्येच दिसतो. दूरचा आणि जवळचा असा दोन नंबरांचा खेळ संपला.

आरशाच्या बाजूने काय? आरशाचं दृश्य प्रकाशाच्या वेगाने येतं. पडद्याचं दृश्य आधी सेन्सरने वाचायचं, प्रोसेसरने शिजवायचं, मग दाखवायचं. चांगल्या आधुनिक पडद्यावर हा उशीर जाणवत नाही, पण जुन्या किंवा खालच्या श्रेणीच्या मिररलेसवर झपकन वळलात तर चित्र मागे रेंगाळतं आणि अंधारात त्यात मुंग्या धावायला लागतात. आणि डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर कॅमेरा बंद असतानाही चालतो. खंड्याची वाट बघत तासभर एका फांदीवर नजर लावून बसायचं असेल, तर बॅटरीचा एक थेंबही न खर्चता बसता येतं.

तरी त्या आरशाबद्दल एक गंमत सांगतोच. बटण दाबताच आरसा वर जातो, म्हणजे व्ह्यूफाइंडर क्षणभर काळा होतो. डीएसएलआरवाल्याने आयुष्यात काढलेल्या प्रत्येक फोटोचा नेमका तो क्षण त्याने व्ह्यूफाइंडरमधून पाहिलेलाच नसतो! फ्लॅश पडताना समोरच्याने डोळे मिटले की नाही, ते स्क्रीन बघितल्याशिवाय सांगता येत नाही. सगळेच मिररलेस यातून सुटलेत असं नाही. भराभर फोटो काढताना बऱ्याच बॉडींत दृश्य अडखळत, स्लाइड शोसारखं दिसतं. २०१७ च्या सोनी ए९ मध्ये सेन्सर इतका झटपट वाचला जाऊ लागला की सेकंदाला २० फोटो काढतानाही व्ह्यूफाइंडर मिटत नव्हता. खेळाचे फोटो काढणारे आरसा सोडायला तयार होण्यामागे हे मोठं कारण होतं.

फोकस: माझ्या कानाच्या फोटोंचा उलगडा

आता त्या कानाकडे वळू. फोकसचा सेन्सर तळाशी आणि फोटोचा सेन्सर मागे, असे दोन वेगळे मुक्काम आहेत हे वर आलंच. लेन्सपासून दोन्हींचं अंतर तंतोतंत सारखं असेल तरच तळाच्या सेन्सरने दिलेला होकार मागच्यालाही लागू पडतो. माझ्या बॉडीत यात केसभर फरक होता. खालच्याला डोळा स्पष्ट दिसत होता, मागच्याला कान. एफ/१.८ वर एक मीटरवरून फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम तीन-चार सेंटीमीटर खोल असतो, म्हणून तो केसभर फरक उघडा पडला. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किटच्या एफ/५.६ लेन्सवर तो वर्षभर झाकून राहिला होता.

वरच्या श्रेणीच्या डीएसएलआरमध्ये हा फरक मेनूतून लेन्सगणिक जुळवायची सोय असते. माझ्यात नव्हती. दुरुस्तीला दिला, तीन आठवड्यांनी जुळून आला.

मिररलेसमध्ये फोकस ओळखणारे पिक्सेल फोटोच्या सेन्सरवरच पेरलेले असतात. बघणारा आणि टिपणारा एकच, त्यामुळे दोघांत मतभेद व्हायला जागा नाही. फोकस चुकतो तिथेही, पण या कारणाने नाही.

दुसरा फायदा जागेचा. तळाच्या छोट्या सेन्सरवर प्रकाश पोचवणारा तो चिमुकला आरसा फ्रेमचा फक्त मधला भाग दाखवू शकतो, म्हणून डीएसएलआरचे फोकसचे ठिपके मध्यावर दाटी करून बसलेले असतात. निकॉन डी८५० मध्ये १५३ ठिपके आहेत आणि फुल फ्रेम डीएसएलआरच्या मानाने ते चांगले पसरलेले आहेत. तरी कडेला उभ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत ते पोचत नाहीत. मग आधी मध्यावर फोकस करायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि फ्रेम सरकवायची, ही कसरत. निकॉनच्याच झेड ७ मध्ये ४९३ ठिपके आहेत आणि ते फ्रेमच्या सुमारे ९० टक्के भागावर पसरलेत.

तिसरा फायदा बुद्धीचा म्हणा. सेन्सरला सतत पूर्ण चित्र दिसत असल्यामुळे प्रोसेसर त्यात चेहरा, डोळा, पक्षी, गाडी ओळखू शकतो आणि पकडून ठेवू शकतो. चालत येणाऱ्या माणसाच्या डोळ्याभोवती एक छोटा चौकोन चिकटून राहतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आनंदापेक्षा जरा अपमानच वाटला. एवढी वर्षं घोटलेली कला एका चौकोनाने पाणी पाजून संपवली.

पण एक उणीव लक्षात ठेवा. बऱ्याच मिररलेसमधले फोकसचे पिक्सेल उभ्या रेघा चांगल्या ओळखतात, आडव्यांवर गडबडतात. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्यावर फोकस करायला गेलात तर लेन्स पुढे-मागे घिरट्या घालत बसेल. कॅमेरा थोडा तिरका करा, पकडेल, मग सरळ करा. आणि मिररलेस म्हटलं की फोकस जलदच, असंही नाही. सुरुवातीच्या काही वर्षांतले मिररलेस चित्राचा कॉन्ट्रास्ट तपासत चाचपडत फोकस करायचे. २०११-१२ ची बॉडी सेकंडहँड स्वस्तात मिळतेय म्हणून घेतलीत तर धावणाऱ्या पोरांच्या पाठीच हाती लागतील.

वजन आणि लेन्सा

आरशाला हलायला जागा लागते. म्हणून डीएसएलआरमध्ये लेन्सचा माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडी, सेन्सरपासून दूर ठेवावा लागतो: १९५९ पासूनच्या निकॉन एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर, १९८७ च्या कॅनन ईएफमध्ये ४४. आरसा गेल्यावर हे अंतर सोनी ई माउंटमध्ये १८, निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २० मिलिमीटरवर आलं. बॉडी बारीक झाली ती यामुळे. डी८५० बॅटरी आणि कार्डासकट १००५ ग्रॅम, झेड ७ मात्र ६७५ ग्रॅम, आणि दोन्हींचे सेन्सर ४५.७ मेगापिक्सेलचे.

इथे लोक खूश होतात आणि लेन्स लावल्यावर खट्टू होतात. कॅननची डीएसएलआरसाठीची २४-७० एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती ८०५ ग्रॅमची आहे. मिररलेससाठीची तीच लेन्स ९०० ग्रॅम. तिच्यात हादरे सावरणारी यंत्रणा वाढली आहे हे खरं, पण खांद्याला कारण सांगून चालत नाही. मोठा सेन्सर आणि मोठं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक) यांना काच लागतेच, आरसा असो वा नसो. हलकेपणा हवा असेल तर लहान सेन्सर किंवा लहान अ‍ॅपर्चरच्या लेन्सा घ्याव्या लागतात. खरा फायदा होतो वाइड अँगलला, कारण मागचं भिंग सेन्सरच्या जवळ नेता आल्याने कोपरे अधिक स्वच्छ येण्याजोगी रचना करता येते.

कमी झालेल्या त्या अंतराचा आणखी एक उपयोग. मोकळी झालेली जागा एका पोकळ अ‍ॅडॉप्टरने भरली की जुनी डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर बसते. त्यात भिंग नसतं, म्हणून चित्र बिघडत नाही. कॅननच्या ईएफ लेन्सा अशा फार बेमालूम चालतात, कारण त्यांचा फोकस पहिल्यापासून लेन्समधल्या मोटरवर आणि विजेच्या इशाऱ्यांवर चालतो. निकॉनवाल्यांनी जरा थांबून बघावं: त्यांच्या जुन्या एएफ-डी लेन्सांना बॉडीतल्या मोटरचा स्क्रू फिरवायचा, आणि निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये ती मोटर नाही. लेन्स बसेल, फोटो निघेल, फोकस हाताने. उलटा प्रवास, म्हणजे मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर, विसरा.

रोजच्या वापरातल्या कटकटी

बॅटरीचं गणित निकॉनच्याच त्या दोन बॉडींवर बघा. दोन्हींत एकाच कुळातली, एकाच आकाराची बॅटरी बसते. ठरावीक चाचणीत डी८५० एका चार्जवर १८४० फोटो काढतो, झेड ७ फक्त ३३०. सेन्सर आणि पडदा सतत जागे असण्याची ही किंमत. प्रत्यक्षात आकडा बराच वाढतो, विशेषतः एका दमात पुष्कळ फोटो काढत असाल तर, कारण बॅटरी संपते ती तुमच्या बघण्याने, क्लिकने नाही. तरी खिशात दुसरी बॅटरी हवीच. मी तिसरीही ठेवतो, पण तो स्वभावदोष.

मिररलेसमध्ये शटरही न हलवता, नुसता सेन्सर वाचून फोटो काढता येतो. अजिबात आवाज नाही. झोपलेलं बाळ, गाण्याची मैफल, बुजरा पक्षी, यांच्यासाठी हे वरदान. पण बहुतेक सेन्सर एका झटक्यात वाचले जात नाहीत, वरच्या ओळीपासून खालपर्यंत क्रमाने वाचले जातात. तेवढ्यात वस्तू सरकली तर ती तिरपी होते. फिरत्या बॅटचं केळं झालेलं मी पाहिलंय. एलईडी दिवे डोळ्याला कळणार नाही असे लुकलुकत असतात, ते फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या होऊन उमटतात. अशा वेळी सरळ मेकॅनिकल शटरवर या. महागड्या बॉडींत हा प्रश्न जवळजवळ मिटलाय: २०२१ च्या निकॉन झेड ९ मध्ये मेकॅनिकल शटरच नाही, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनी ए९ थ्री पूर्ण सेन्सर एकदम वाचतो.

धूळ. डीएसएलआरची लेन्स काढली की समोर आरसा असतो आणि मागे मिटलेलं शटर, सेन्सर पडद्याआड. बहुतेक मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच. काही बॉडी बंद करताना शटर मिटून घेतात. तुमच्यात ती सोय मेनूत लपलेली असेल तर चालू करा. नाहीतर कॅमेरा बंद करून, तोंड जमिनीकडे धरून, दुसरी लेन्स आधीच सैल करून ठेवा.

मग घ्यावं काय?

नवीन घेत असाल तर मिररलेस. नव्या लेन्सा, नवं संशोधन सगळं तिकडेच चाललंय. हातात चांगला डीएसएलआर आणि चार लेन्सा असतील आणि तुम्ही निसर्गदृश्यं, स्थिर वस्तू, घरची माणसं यांचे फोटो काढत असाल, तर बदलायची घाई नको. एकाच पिढीचा सेन्सर असेल तर छापलेला फोटो बघून तो आरशाच्या कॅमेऱ्यातला की बिनआरशाच्या, हे मला ओळखता येत नाही. पक्षी, खेळ, पळती मुलं आणि व्हिडिओ, यांत मात्र फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

पैसे बेताचे असतील तर वापरलेला डीएसएलआर आज उत्तम सौदा आहे, कारण बरेच जण मिररलेसकडे जाताना चांगल्या बॉडी आणि लेन्सा विकतायत. घेताना शटर किती वेळा चाललंय ते विचाराच, पण आणखी एक चाचणी तिथेच करा. टेबलावर मोजपट्टी तिरकी उभी करा. मोठ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरवर, कॅमेरा घट्ट टेकवून, व्ह्यूफाइंडरमधून १० च्या आकड्यावर फोकस करा आणि फोटो काढा. मग लाइव्ह व्ह्यू चालू करून तोच १०, तोच फोटो. दोन्ही मोठे करून शेजारी बघा. व्ह्यूफाइंडरवाल्यात १० पुसट आणि १२ स्पष्ट दिसत असेल तर मेनूत फोकस जुळवायची सोय आहे का शोधा. नसेल तर ती बॉडी परत द्या आणि दुसरी मागा.